घरात आहे त्यातून सूप: मिरजेच्या डब्यातली १९ वर्षं

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना सुरू केला, मागोमाग कितीतरी दवाखाने उभे राहिले, आणि आता जत, पंढरपूर, अथणी, चिकोडी, विजापूर असं कुठून कुठून माणसं इथं उपचाराला येतात. पेशंट आत खाटेवर, घरची दोघं-तिघं बाहेर बाकावर. त्यांना डबा पोचवायचं काम मी १९ वर्षं करते आहे. पोळी-भाजीचा डबा मिरजेत गल्लोगल्ली मिळतो. मला येणारे फोन मात्र बहुतेक एकाच तऱ्हेचे असतात. "काकू, डॉक्टरांनी उद्यापासून लिक्विड सांगितलंय. सूप कराल का?"

रोज सकाळी माझ्याकडं दोन मोठी पातेली सूप होतं. एवढ्या वर्षांत एक कळलं, की कृतीत लिहिलेलं सगळं सामान एकाच दिवशी घरात असणं हा योगच असतो. कधी कॉर्नफ्लॉवरचा डबा रिकामा, कधी टोमॅटो परवडत नाही, कधी पेशंटला दूध चालत नाही, कधी घरचे सांगतात की आमच्यात कांदा-लसूण नाही. तरी सूप वेळेवर जायलाच हवं, कारण समोरच्याचं ते तेवढंच जेवण असतं.

बदल करताना नावाला नाव शोधू नका. "कॉर्नफ्लॉवरऐवजी काय?" असं विचारलं तर दहा उत्तरं मिळतात आणि त्यातली बरीचशी तुमच्या पातेल्याला लागू पडत नाहीत. त्यापेक्षा तो जिन्नस पातेल्यात कुठलं काम करत होता ते बघा. कुणी दाटपणा आणतं, कुणी आंबटपणा, कुणी गोडी, कुणी स्निग्धपणा, कुणी नुसता वास देतं. काम कळलं की ते करणारं दुसरं कुणीतरी फडताळात सापडतंच.

मापं सांगून ठेवते. माझी वाटी १५० मिलिलिटरची आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, छोटा म्हणजे चहाचा. खाली जिथं माप सांगितलंय तिथं ते ४ वाट्या सुपाचं आहे. तेवढं दोन माणसांना पोटभर होतं.

आधी डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐका

"लिक्विड" दोन तऱ्हेचं असतं आणि घरचे घाईत हे विचारायचं विसरतात. क्लिअर लिक्विड म्हणजे ज्यातून आरपार दिसतं असं पाणी, चोथा अजिबात नाही. भाज्या उकळून पातळ फडक्यातून गाळलेलं पाणी, किंवा डाळीचं वरचं निवळ पाणी. फुल लिक्विडमध्ये दाट सूप चालतं, पण गाळलेलं. कोथिंबिरीचं पानसुद्धा तरंगायला नको. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्याऐवजी दुसरं दिलं तर त्रास होतो. म्हणून मी फोनवर सगळ्यात आधी हेच विचारते, आणि माहीत नसेल तर "सिस्टरना विचारून पुन्हा फोन करा" म्हणते.

किडनीचा पेशंट असेल तर खालचं काहीही करण्याआधी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. भाजीतलं पोटॅशियम उकळताना पाण्यात उतरतं. आपल्याला जे भाज्यांचं पाणी पौष्टिक म्हणून हवं असतं, तेच अशा माणसांना बऱ्याचदा टाकून द्यायला सांगतात. टोमॅटो आणि पालक तर त्यांच्यासाठी विचारल्याशिवाय नाहीच.

दुधीवर हात बसवा

नवीन शिकणाऱ्यानं दुधीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. दुधीला स्वतःची चव फार कमी, त्यामुळं कुठला जिन्नस काय करतो ते जिभेला स्वच्छ कळतं.

एक पाव कोवळा दुधी घ्या. नखानं टोचल्यावर साल लगेच फुटली पाहिजे. चिरण्याआधी देठाकडची एक चकती कापून कच्ची चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. जीव तळमळला तरी टाका. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि ते द्रव्य विषारी असतं. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. दोडक्यालाही हाच नियम.

कुकरमध्ये छोटा चमचाभर तूप, अर्धा चमचा जिरं, जिरं तडतडलं की ठेचलेलं बोटाच्या पेराएवढं आलं. एक लहान कांदा उभा चिरून, रंग न आणता नुसता मऊ करायचा. मग दुधीच्या फोडी, धुतलेली २ मोठे चमचे मूगडाळ आणि ३ वाट्या पाणी. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या आणि वाफ जिरेपर्यंत थांबायचं. घुसळून, गाळून, पुन्हा पातेल्यात घेऊन एक उकळी. मीठ छोटा पाऊण चमचा, पेशंटला अर्धा. उतरवल्यावर चार थेंब लिंबू.

आता यातलं एकेक काढून बघा. मूगडाळ काढली तर सूप पातळ होतं आणि वाटीत ओतल्यावर पाणी वेगळं, गर वेगळा असं दिसतं. म्हणजे डाळ दोन्हीला बांधून ठेवत होती. लिंबू काढलं तर सूप आळणी वाटतं आणि आपला हात मिठाकडं जातो, ज्याची खरं तर गरज नसते. कांदा काढला तर गोडी जाते. तिथं गाजराचा एक तुकडा भागतो. तूप काढलं तर जिऱ्याचा वास वरवर राहतो, सुपात उतरत नाही. चार दिवस चार तऱ्हांनी केलंत तर पुढचं सगळं आपोआप सुचेल.

दाटपणा

बहुतेक सगळे अडतात ते इथंच, म्हणून इथं जरा थांबते.

कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. ४ वाट्यांना १ मोठा चमचा, गार पाण्यात कालवून, उकळत्या सुपात धार धरून. एक-दोन मिनिटांत दाट होतं आणि चकाकी येते, म्हणून हॉटेलवाल्यांचा त्यावर जीव. पण त्याची दुखणीही आहेत. टोमॅटोसारख्या आंबट सुपात फार वेळ उकळत ठेवलं तर दाटपणा सुटत जातो. उष्टा चमचा पातेल्यात गेला तरी काही वेळात सूप पाणचट होतं, कारण आपल्या लाळेनं स्टार्च फुटतो. "काकू, बाबांनी अर्धं ठेवलं होतं, त्याचं पाणी झालं, नासलं का?" असं मला कितीदा विचारलंय. नासलेलं नसतं, ज्या वाटीतून प्यायले त्याच वाटीतलं असतं. पण उष्टं सूप ठेवूही नये.

माझं कॉर्नफ्लॉवर सुटलं ते अथणीकडच्या एका आजींमुळं. दाताचं मोठं ऑपरेशन झालेलं, पंधरा दिवस पातळच खायचं होतं. मुलगा रोज डबा न्यायचा आणि रोज अर्धा परत यायचा. तिसऱ्या दिवशी तो ओशाळून म्हणाला, "काकू, अव्वा (आई) म्हणते हे बुळबुळीत लागतंय. तिला अंबली पाहिजे." त्यांच्या घरी ज्वारीची आंबील पिऊन मोठी झालेली माणसं. मी दुसऱ्या दिवशी तेच गाजर-दुधीचं सूप केलं, पण कॉर्नफ्लॉवरच्या जागी शाळूचं, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं, पीठ लावलं. डबा रिकामा आला. मग उरलेले सगळे दिवस तसंच गेलं.

शाळूचं पीठ २ मोठे चमचे घ्या, अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, उकळत्या सुपात ओता आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. घाई केली तर कच्च्या पिठाचा वास राहतो आणि तो कशानं झाकत नाही. पीठ ताजं हवं. जुन्या ज्वारीच्या पिठाला कडवट वास येतो.

तांदळाची पिठी दीड मोठा चमचा लागते. ती सगळ्यात गरीब स्वभावाची, कुठल्याही भाजीत मिसळून जाते. बेसन दीड चमचा, पण ते आधी कोरडंच खमंग वास येईपर्यंत भाजायचं. टोमॅटोला आणि कोबीला छान, दुधीला मात्र त्याची चव जड होते. ओट्स असतील तर ३ मोठे चमचे भाजीबरोबरच शिजवून घुसळा. शिळा भात उरला असेल, आणि तो फ्रिजमध्ये ठेवलेला असेल, तर ३ मोठे चमचे भात भाजीबरोबर उकळून वाटा. सूप इतकं रेशमी होतं की साय घातल्यासारखं वाटतं. बाहेर रात्रभर राहिलेला भात आजारी माणसाच्या सुपात घालू नका.

बटाटा एक मध्यम पुरतो. त्याचं एकच पथ्य आहे. मिक्सरमध्ये फार फिरवला तर त्याची खळ होते, सूप चमच्याला तार धरतं. बटाटा असलेलं सूप मी पुरणयंत्रातून काढते. पुरणयंत्र वर्षातून दोन-तीनदा माळ्यावरून उतरवायची वस्तू आहे असं मानू नका. वीज नसताना, मिक्सर बिघडलेला असताना, टोमॅटोच्या साली-बिया अडवायला, शेवग्याच्या शेंगांचा गर काढायला त्याच्यासारखं काही नाही.

मक्याचं सूप करताना वेगळं काही लावूच नका. दोन कोवळी कणसं घ्या, एकाचे दाणे अख्खे काढा आणि दुसरं किसणीवर किसा. किसताना जे दूध निघतं तेच शिजून दाट होतं. आणि दाणे काढलेली कणसं फेकू नका, त्यांचं पाणी करायचं आहे.

टोमॅटो महागला तेव्हा

२०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढं गेला, काही ठिकाणी दोनशेही ओलांडले. टोमॅटोच्या सुपाची मागणी तर रोजची. मी तेव्हा कागदावर लिहून काढलं की टोमॅटो सुपाला काय काय देतो. आंबटपणा देतो, रंग देतो, थोडी गोडी देतो आणि गर देतो. एवढी चार कामं एकट्यानं करणारं दुसरं काही नाही, पण दोघांत ती वाटून देता येतात. तांबडा भोपळा रंग, गोडी आणि गर सांभाळतो. आंबटपणा चिंच सांभाळते.

दीड पाव तांबडा भोपळा, एक गाजर, एक लहान कांदा, दोन लसणीच्या पाकळ्या, ३ वाट्या पाण्यात शिजवा. घुसळून गाळा. लिंबाएवढ्या नाही, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ घाला आणि पाच मिनिटं उकळा, म्हणजे चिंचेचा कच्चेपणा जातो. मिरपूड, मीठ. गूळ लागत नाही, भोपळाच पुरेसा गोड असतो. चव टोमॅटोची येत नाही आणि मी ते टोमॅटोचं म्हणून दिलंही नाही. "भोपळ्याचं आंबट सूप" म्हणून दिलं आणि भाव उतरल्यावरही दोन घरांनी तेच मागितलं.

आंबटपणा देणाऱ्यांचे स्वभाव वेगळे आहेत. चिंचेला उकळी लागते. लिंबाला उकळी चालत नाही, वास जातो आणि कडवट होतं, म्हणून ते आच बंद केल्यावर. आमसूल शेवटच्या पाच मिनिटांत दोनच टाका आणि वाढण्याआधी काढून घ्या, नाहीतर वाटीत बसून ते आंबट होतच राहतं. उन्हाळ्यात कैरीची एक फोड भाजीबरोबर शिजवली की काम होतं. आंबट चुका मिळाला तर पालकाच्या जोडीला चार पानं. आणि आंबट सूप असेल तेव्हा भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट काही उकळू नका.

टोमॅटो आहेत पण आंबट फार आहेत, असंही होतं. तेव्हा साखरेचा चमचा उचलण्याआधी अर्धं गाजर आणि बीटाच्या दोन पातळ चकत्या टोमॅटोबरोबर शिजवा. गोडी येते आणि रंगही. बीट याहून जास्त नको, नाहीतर सूप जांभळं होतं आणि मातीसारखा वास येतो.

दूध, साय आणि त्यांच्या जागी

दूध-साय सुपात दोन कामं करतात. आंबट-तिखटाची धार बोथट करतात आणि जिभेवर मऊपणा ठेवतात. पण टोमॅटो आणि दूध यांचं जमवणं कठीण. आंबटानं दूध फाटतं आणि मग ते गाळूनही सुधारत नाही. घालायचंच असेल तर दुधात आधी पिठी लावून दाट शिजवून घ्या, दोन्ही गरम असू द्या, आणि दुधाच्या पातेल्यात टोमॅटो थोडा थोडा ओता. टोमॅटोत दूध ओतू नका. एकदा मिसळल्यावर उकळायचं नाही. एवढी खबरदारी घेण्यापेक्षा मी वाढताना वर अर्धा चमचा फेटलेली साय सोडते.

दूध चालत नसेल तर दाणे घ्या. २ मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे, साली पाखडून, गरम पाण्यात अर्धा तास भिजवून अगदी गंधासारखे वाटा. भोपळ्याला, गाजराला, रताळ्याला हे इतकं शोभतं की काजूची आठवण येत नाही. काजू वाईट नाहीत, पण रोजच्या डब्याला परवडत नाहीत. दाणे द्यायच्या आधी पेशंटला त्यांची ॲलर्जी नाही ना ते विचारा. मगजबी, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, असेल तर तीही भिजवून वाटून चालते.

नारळाचं दूध आंबटानं साध्या दुधासारखं सहज फाटत नाही. सोलकढीत आमसूल आणि नारळाचं दूध एकत्र नांदतात ते बघितलंच आहे आपण. म्हणून टोमॅटोच्या किंवा भोपळ्याच्या आंबट सुपाला मऊपणा हवा असेल तर अर्धी वाटी नारळाचं दूध हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. फक्त खळखळा उकळू नका, तेल सुटतं.

भोपळा आणि दाण्यांचं हे सूप उपासालाही चालतं. कांदा-लसूण वगळा, जिरं आणि हिरवी मिरची ठेवा, आणि दाटपणा हवा असेल तर एक मोठा चमचा भगर भोपळ्याबरोबर शिजवा.

पाण्यातच अर्धी चव आहे

बाजारात चवीचे चौकोनी तुकडे मिळतात. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून पेशंटच्या सुपाला मी ते वापरत नाही, आणि घरच्यालाही गरज पडत नाही. आठवडाभर भाजी निवडताना जे निघतं ते स्वच्छ धुऊन फ्रिजमध्ये एका डब्यात टाकत जाते. गाजराची शेंडी-बुडखे, कोथिंबिरीची देठं, पातीच्या कांद्याची मुळाकडची बाजू, मटाराची कोवळी टरफलं, दाणे काढलेली कणसं, शेवग्याच्या शेंगांची टोकं. दोन ओंजळी जमल्या की दीड लिटर पाण्यात चार मिरी आणि एक तमालपत्र टाकून मंद आचेवर २५ मिनिटं. त्याहून जास्त उकळलं तर भाज्यांचा शिळा वास उतरतो.

कोबी-फ्लॉवरची देठं यात जपून घाला, एखादाच तुकडा. जास्त झाली की गंधकाचा वास येतो. कारलं, मेथी, वांगं आणि बीट नकोच.

एवढंही जमलं नसेल तर येळवणी आहे. डाळ शिजवली की वरचं पाणी काढून ठेवायचं. आपल्याकडं पुरणाच्या दिवशी त्याची आमटी करतात, पण रोजच्या तूरडाळीच्या वरणातूनही दोन वाट्या पाणी काढता येतं. कुठल्याही भाजीचं सूप साध्या पाण्याऐवजी येळवणीत केलं तर त्याला अंग येतं.

परदेशी कृतींमध्ये सेलरी, लीक, थाइम अशी नावं असतात आणि ती वाचूनच बायका पान उलटतात. सेलरी आणि लीक तिथं बुडाशी कांद्यासारखा हिरवट गोडवा द्यायला असतात. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि कोथिंबिरीची बारीक चिरलेली देठं तुपावर परतली की ते होतं. थाइमचा जो वास आहे तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि आपल्या ओव्यातही तेच द्रव्य आहे. चिमूटभर ओवा तळहातावर चुरडून फोडणीत घाला. चिमूटभरच, ओवा लगेच डोईजड होतो. कुंडीत पानओवा असेल तर एक पान पुरे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांकडं तुपात हिंग फुलवून त्यावर आलं परता. पोकळपणा वाटत नाही.

हिरव्या सुपाचा रंग

पालकाचं सूप काळपट होतं ही तक्रार मी नेहमी ऐकते. पालक शिजताना त्याच्यातूनच आंबट वाफ निघते आणि ती झाकणाखाली कोंडली की हिरवा रंग मरतो. म्हणून झाकण ठेवू नका, कुकरला लावू नका. भरपूर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग वाटायचं. दाटपणासाठी जे काही घ्याल, बटाटा म्हणा, भात म्हणा, ते वेगळं शिजवून घ्या आणि वाटलेला पालक शेवटी मिसळून एकच उकळी द्या. लिंबू वाटीत पिळा, पातेल्यात नको. खायचा सोडा घालून रंग टिकतो हे खरं, पण सोड्यानं क जीवनसत्त्व जातं. मी घालत नाही.

पालक नसेल तर चाकवत, राजगिऱ्याची भाजी किंवा शेवग्याचा कोवळा पाला. शेवग्याचा पाला उग्र असतो, त्याला बटाटा आणि दाणे दोन्हींची साथ हवी. मेथी सुपाला घेऊ नये. तिचा कडूपणा पाण्यात पसरतो.

पुरातलं सूप

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. मिरजेतही कृष्णा घाटाकडचा भाग पाण्याखाली होता. रस्ते बंद, भाजी येईना, दूध येईना. दवाखान्यांतली माणसं मात्र होती तिथंच होती, आणि त्यांचे नातेवाईक गावाकडं परतूही शकत नव्हते. माझ्याकडं त्या आठवड्यात भाजी म्हणून दोन कांदे आणि भोपळ्याची एक फोड होती. फडताळात तूरडाळ, हुलग्याचं (कुळथाचं) पीठ, लसणीची माळ, आमसुलं, गूळ आणि उन्हाळ्यात वाळवलेली थोडी मेथी.

आमच्याकडं हुलग्याचं माडगं, म्हणजे त्या पिठाचं पातळ कढण, पावसाळ्यात करतातच. मी ते येळवणीत केलं. ३ वाट्या येळवणी उकळत ठेवायची. तुपाची किंवा तेलाची फोडणी करून त्यात सहा-सात ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या तांबूस करायच्या, जिरं आणि हिंग, आणि ती फोडणी येळवणीवर ओतायची. भाजलेल्या हुलग्याचं पीठ ३ मोठे चमचे, वाटीभर गार पाण्यात कालवून धार धरायची आणि दुसऱ्या हातानं रवी फिरवत राहायची. हुलग्याच्या पिठाला गुठळ्या फार लवकर होतात, म्हणून हात थांबवायचा नाही. दहा मिनिटं मंद आचेवर. दोन आमसुलं, बोराएवढा गूळ, मीठ. मेथीची चार वाळकी पानं चुरडून फक्त वासापुरती, ती कडू होण्याइतकी नाही. पाणी टँकरचं होतं, म्हणून आधी खळखळा उकळून घेतलेलं.

चौदा डबे गेले. सातारच्या बाजूच्या एका काकांनी डबा परत करताना विचारलं होतं, "यात भाजी कुठली आहे हो?" मी सांगितलं, भाजी नाही, हुलगे आहेत. ते म्हणाले, "मग आता भाजी आली तरी हेच द्या." भोपळ्याची ती फोड मी एका लहान मुलाच्या सुपासाठी राखली होती, त्याला लसूण चालत नव्हती.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. हुलग्याचं किंवा शाळूचं पीठ, मूगडाळ, आमसूल, हिंग आणि भाजलेले दाणे एवढं सामान मी कधी संपू देत नाही. भाजीचं एक टोक जरी घरात असलं तरी एवढ्यावर सूप उभं राहतं.

मिक्सर, मीठ आणि थर्मास

गरम सूप मिक्सरमध्ये घालून झाकण घट्ट बसवू नका. वाफ कोंडते आणि झाकण उडतं. माझ्या उजव्या मनगटावर भोपळ्याच्या सुपानं भाजल्याची खूण आहे. तेव्हा गाडी सुटायची वेळ झाली होती म्हणून मी सूप गार व्हायला थांबले नव्हते. भाजी आणि पाणी वेगळं करा, भाजी कोमट होऊ द्या, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, घुसळल्यावर तिचंच गरम पाणी परत मिसळा. पाच-सात मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

मीठ जास्त झालं तर बटाटा टाकून काढायची युक्ती सगळे सांगतात. बटाटा खारट पाणी पितो, मीठ निवडून घेत नाही. त्यापेक्षा बिनमिठाचं भाज्यांचं पाणी किंवा घोटलेली मूगडाळ मिसळून सूप वाढवा. उरेल ते घरच्यांना.

सूप दोन दिवस फ्रिजमध्ये टिकतं, पण साय किंवा नारळाचं दूध घातलेलं त्याच दिवशी संपवा. ठेवायचं असेल तर दाट करण्याआधीचं ठेवा आणि पिठी वाढायच्या वेळी लावा. पीठ लावलेलं सूप दुसऱ्या दिवशी थिजतं. गरम करताना थोडं थोडं गरम पाणी घालत रवीनं मोडून घ्या.

थर्मासात उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि मग लगेच सूप भरा. सूप अगदी कडकडीत असू द्या आणि काठोकाठ भरा. रिकामी जागा राहिली की लवकर निवतं. ज्वारीचं किंवा हुलग्याचं सूप थर्मासात आणखी दाट होतं, म्हणून ते थोडं पातळ भरायचं. सोबत चमचा, रिकामी वाटी आणि लिंबाची एक फोड वेगळ्या पुडीत. पेशंटला चव आली की तो ती फोड स्वतःच्या हातानं पिळतो. बाहेर बाकावर बसलेल्या माणसासाठी मी झाकणात दोन भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून ठेवते. त्याचं जेवण विचारणारं कुणी नसतं.